निळी पाटी आणि महाराजांची विहीर

आपल्या देशात एखादी वास्तू गावापासून तोडायची असली, म्हणजे तिच्यापुढे निळी पाटी रोवण्याची रीत आहे. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असते, की हे स्मारक १९५८ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झाले असून त्याची नासधूस करणारास शिक्षा होईल. पाटी लागली की तारेचे कुंपण येते, कुंपणाला फाटक येते, फाटकाला कुलूप येते आणि कुलपाची किल्ली तालुक्याच्या गावी राहते. आधी ज्या ओट्यावर म्हातारी माणसे टेकत आणि ज्या पायऱ्यांवर पोरे पाढे घोकत, त्या ओट्याकडे आणि त्या पायऱ्यांकडे गाव मग परक्यासारखे पाहू लागते. देऊळ आता सरकारचे झाले. आणि सरकारचे ते कुणाचेच नव्हे, हा तर आपल्याकडचा जुना शिरस्ता.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपला संरक्षणाचा कायदा दगड राखतो आणि गाव विसरतो. जे राखायचे त्याची यादी गावाने स्वतः, चावडीवर बसून, आपल्या तोंडाने केली पाहिजे. आणि त्या यादीत देवळाबरोबर विहीर, वेस, पार, वाडा, धर्मशाळा ही रोजच्या वापरातली बांधकामेही आली पाहिजेत. हे होत नाही तोवर पाटी कितीही मोठी लावा आणि दंड कितीही वाढवा, उपयोग व्हायचा नाही.

मी कायदेपंडित नाही, पुरातत्त्वाचा जाणकार तर मुळीच नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. खेड्यात मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण कादंबरी लिहिणाराला लोकांची घरे पाहावी लागतात, आणि मास्तराला हजेरीपटावरून गळालेल्या पोराला शोधत गल्लीबोळांत हिंडावे लागते. या दोन्ही निमित्तांनी मी गावे आतून पाहिली आहेत. गाव कसे पडते हे मला ठाऊक आहे. ते एका रात्रीत पडत नाही. आधी माळवद गळते, मग एक खण बंद होतो, मग तुळई विकली जाते, आणि एके दिवशी जेसीबी येऊन उरलेले काम तासाभरात उरकतो. या सगळ्या काळात कुठलाही कायदा त्या बाजूला फिरकत नाही. कारण कायद्याच्या लेखी तिथे राखण्यासारखे काही नसतेच.

हे म्हणणे पटवून देण्यासाठी वाचकांना मी थोडे लांब, इंग्लंडमधल्या एका खेड्यात नेणार आहे. साहेबाचे कौतुक करावे हा माझा हेतू नाही. त्या खेड्यात आपल्याकडची एक विहीर आहे, एवढेच त्याचे कारण.

ऑक्सफर्डशायर परगण्यात, चिल्टर्नच्या टेकड्यांत स्टोक रो नावाची एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. १८९४ च्या कायद्याने अशा ग्रामीण पॅरिशींना लोकांनी निवडलेल्या कौन्सिलची सोय झाली. आपल्या ग्रामपंचायतीची ती थोरली बहीण म्हणावी. या टेकड्या चुनखडीच्या. पाऊस पडतो आणि थेट खाली मुरून जातो. वरच्या माणसांच्या हाती डबक्यातले गढूळ पाणी राहते. या मुलखातला एडवर्ड रीड नावाचा गृहस्थ कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. १८३१ साली त्याने आझमगढला एक विहीर खणून घेतली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. बोलता बोलता त्याने महाराजांना आपल्या गावाकडची हकीकत सांगितली, की तिथे घरातले शेवटचे पाणी प्यायले म्हणून एका पोराला आईने बडवून काढले होते.

महाराजांनी ती गोष्ट लक्षात ठेवली. पुढे त्यांच्या मनात आले, की या माणसाने आपल्या लोकांसाठी विहीर खणली, तर आपण त्याच्या लोकांसाठी का खणू नये? १८६३ साली स्टोक रो येथे खोदकाम सुरू झाले. चार फूट रुंदीची आणि ३६८ फूट खोल विहीर माणसांनी हाताने खणली. वर लोखंडी खांबांवर घुमट उभा राहिला, रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती बसला, आणि १८६४ च्या मे महिन्यात विहीर गावाला मोकळी झाली. जगावर राज्य करणाऱ्या देशातल्या गोरगरिबांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ एका अंकित राजाच्या दानाचे पाणी प्यायले. इतिहासात असा विनोद क्वचितच घडतो.

पण या कथेतली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ना हत्ती, ना घुमट. महाराजांनी विहिरीशेजारी जमीन घेऊन दिली, तिच्यात चेरीची झाडे लावली आणि विहीर राखणाऱ्यासाठी अष्टकोनी घर बांधून दिले. बागेचे नाव ईश्री बाग. फळे विकायची आणि आलेल्या पैशातून विहिरीची देखभाल करायची. ही अक्कल इंग्लंडातली नव्हे, ही आपली. वास्तू बांधणे सोपे असते, राखणे कठीण असते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख आहे, त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव लावून दिल्याची नोंद आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी थोरल्या शाहूंच्या काळात विरूबाई भोसले यांनी बारा मोटांची विहीर बांधली, ती आमराईला पाणी देण्यासाठी. विहिरीशेजारी बाग आणि देवळाशेजारी इनाम ही आपली जुनी जोडी. जिच्या पोटाची सोय लावलेली नाही अशी वास्तू बांधणे आपल्याकडे अपुरे समजत.

पुढे स्टोक रोला नळ आले आणि रहाट थांबला. आपल्याकडे नळ आल्यावर विहिरीचे काय होते हे मी वेगळे सांगायला नको. तिथे तसे झाले नाही. १९६१ साली इंग्लंडची राणी काशीला आली, तेव्हा तिथल्या महाराजांनी या विहिरीची आठवण जागी केली. १९६४ साली विहिरीची शताब्दी थाटाने साजरी झाली, राणीचे पती त्या खेड्यात आले आणि विहिरीत गंगेचे पाणी घातले गेले. आज ती विहीर कायद्याने संरक्षित आहे, आणि तिची देखरेख करणारा न्यासही तिथे आहे. तिच्यापासून शंभर मीटरांच्या आत कुणी स्वयंपाकघराची भिंत बांधू नये, असा सरसकट हुकूम मात्र तिथे नाही.

हे कसे साधले, ते कायद्याच्या इतिहासावरून ध्यानात येते. आणि नेमके त्याच इतिहासात आपले घोडे कुठे पेंड खाते तेही दिसते. इंग्लंडमध्ये जुन्या स्मारकांचा पहिला कायदा १८८२ साली झाला. त्याच्या परिशिष्टात प्रामुख्याने पाषाणयुगातली वर्तुळे, थडगी आणि टेकाडे होती. १९१३ साली कायदा वाढला, तरी माणसांची वस्ती असलेली घरे आणि उपासना चालू असलेली चर्चे त्याने मुद्दाम बाहेर ठेवली. स्मारक म्हणजे जे मेले आहे ते, अशी ती समजूत होती. त्याच समजुतीच्या काळात लॉर्ड कर्झनने १९०४ साली आपल्यासाठी कायदा केला. कर्झनने बरीच स्मारके वाचवली हे मान्य करायलाच हवे. पण त्याच्या कायद्याचा साचा निर्जन अवशेषांसाठी घडवलेला होता, आणि आपली देवळे, विहिरी, वेशी काही निर्जन नव्हत्या.

मग दुसरे महायुद्ध आले. जर्मन बाँबनी इंग्लंडची शहरे भाजून काढली, आणि कोणती पडकी इमारत सावरायची, कोणती पाडून टाकायची, हे ठरवण्यासाठी घाईघाईने याद्या कराव्या लागल्या. त्या याद्यांतून १९४४ आणि १९४७ चे नगररचना कायदे निघाले, आणि विचारच पालटला. राहते घर राखण्यासारखे असू शकते. दुकान, कोठार, तबेला, गावचा हातपंप, मैलाचा दगड, सगळेच राखण्यासारखे असू शकते, असे कायद्याने मान्य केले. १९८० साली लंडनमधला एक देखणा कारखाना यादीत जाण्याच्या तोंडावर सुट्टीच्या दिवसांत पाडला गेला. तेव्हा ओरड झाली, आणि त्यानंतर पाहणी करणारे लोक पॅरिशीमागून पॅरिश पायी पालथी घालत हिंडले. आज इंग्लंडच्या यादीत पावणेचार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ब्याण्णव नोंदी सर्वांत खालच्या वर्गातल्या, म्हणजे साध्यासुध्या बांधकामांच्या आहेत. पहिल्या वर्गात शंभरात अडीचच. तिथल्या एखाद्या आडगावची यादी उघडा; चर्चपाठोपाठ त्याच्या अंगणातली थडगी येतात, मग शेतकऱ्याचे घर येते, मग धान्याचे कोठार येते, आणि नशीब असेल तर रस्त्यावरची टेलिफोनची तांबडी खोलीही येते.

आता आपल्याकडे या. इंग्रज गेला, आपण १९५८ साली आपला कायदा केला. त्या वेळी इंग्रजाने आपल्या घरी ती जुनी समजूत टाकून अकरा वर्षे झाली होती. आपण मात्र कर्झनचाच साचा पुढे चालवला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जे काही ठरले, ते साडेतीन हजारांहून थोडे अधिक भरते. एवढ्या खंडप्राय देशात साडेतीन हजार! राज्याचा कायदा १९६० साली आला, त्यानेही देवळे, लेणी आणि किल्ले यांच्यापलीकडे फारशी नजर टाकली नाही. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींचे नियम झाले. त्यांत इंग्लंडसारख्या वर्गवाऱ्या आहेत, राहती घरेही आहेत. म्हणजे विचार समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आला. पुढे आणखी काही शहरे आणि थंड हवेची ठिकाणे त्याने गाठली, आणि खेड्याच्या वेशीपाशी येऊन तो थबकला. वेशीच्या आत वाचवण्यासारखे काही असेल, अशी कल्पनाच त्याला शिवली नाही.

ज्या थोड्या वास्तूंना संरक्षण मिळाले, त्यांचे तरी काय झाले? २०१३ साली खुद्द महालेखापरीक्षकांनी १,६५५ स्मारकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतली ९२ जागेवर नव्हती. दागिना हरवावा तशी स्मारके हरवली. २०२४ साली १८ स्मारकांची नावे सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून काढून टाकली. थडगे, मनोरा, शिलालेख अशा वस्तू डोळ्यांदेखत नाहीशा होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे कसे घडते? त्याचे उत्तर सरळ आहे. ज्यांना पत्ता लागला असता, ती शेजारची माणसे आपण प्रथम कुंपणाबाहेर काढली. गावातला गुराखी हा कुठल्याही पहारेकऱ्याहून जागरूक असतो. पण ती वस्तू आपली आहे असे त्याला वाटत असेल तरच.

आणि कुंपणाबाहेर काढलेल्या माणसाला कायदा वागवतो कसा, तेही पाहा. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांपर्यंत नवे बांधकाम पूर्ण बंद, आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय बंद. १९९२ च्या अधिसूचनेत हे आले, २०१० च्या दुरुस्तीने ते पक्के झाले. शहरात शंभर मीटर म्हणजे एक चौक. खेड्यात शंभर मीटर म्हणजे अर्धे गाव, कारण गाव देवळाभोवतीच वसलेले असते. देऊळ आधी की गाव आधी, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अर्ज करायचा म्हणजे नकाशा, उतारा, फोटो, दाखला आणि हेलपाटे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला पावसाने पडलेल्या भिंतीच्या जागी भिंत घालायची होती. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण तिथली माणसे नियमाप्रमाणेच वागली. दोन पावसाळे त्या बाईने भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली. तिसऱ्या वर्षी एका रात्रीत, कुणाला न विचारता, तिने सिमेंटच्या विटा रचल्या. आता ती गुन्हेगार आहे आणि देवळाकडे पाहिले की तिच्या कपाळावर आठी चढते. हजार वर्षांच्या वास्तूला एक शेजारीण होती, तिला आपण वैरीण करून ठेवले. याला संरक्षण म्हणतात काय?

शंभर मीटरांचा नियम साफ उडवा, असे माझे म्हणणे नाही. तो नसता तर धनदांडग्यांनी देवळाच्या भिंतीला भिंत लावून हॉटेले उठवली असती, आणि या नियमाविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडणारे पुष्कळदा तेच असतात. माझे म्हणणे एवढेच, की गरिबाची पडलेली भिंत आणि श्रीमंताचे तीन मजले यांत फरक करण्याइतके डोळे नियमाला असावेत. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी करण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीत आहेच. पण मसुदा संकेतस्थळावर टाकणे म्हणजे गावाला विचारणे नव्हे. तो चावडीवर मराठीत वाचून दाखवणे आणि लोकांचे ऐकून घेणे, याला विचारणे म्हणतात.

सरकारला एवढे बोललो, आता गावकऱ्यांनाही दोन शब्द ऐकवतो. नाही तर माझे लिहिणे एकतर्फी होईल. जिथे निळी पाटी नाही, तिथे आपण काय दिवे लावतो? देवळाला चार पैसे मिळाले, की आपण ‘जीर्णोद्धार’ काढतो. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्याला न्हाणीघरासारख्या फरशा बसतात, शिखर पाडून सिमेंटचे होते, आणि वीरगळ पायरीखाली जातात. ज्या बारवेने दुष्काळात अख्खे गाव जगवले, तिच्यात आपण घरोघरचा कचरा ओततो आणि वर्गणी काढून टँकर मागवतो. वेशीची कमान ट्रॅक्टर जात नाही म्हणून उतरवतो. मग तिच्याच जागी पुढाऱ्याच्या नावाची लोखंडी कमान उभारतो, तिच्याखालून ट्रॅक्टर झकास जातो. हे सरकारने केले नाही, हे आपण केले. म्हणून यादी हवी. यादी ही जशी सरकारपासून बचाव आहे, तशी ती आपल्याच उतावळेपणाला घातलेली वेसण आहे.

यावर आक्षेप येतील, ते मला ऐकू येत आहेत. पहिला आक्षेप पैशाचा. पोटाला नाही तिथे दगडांना कुठून द्यायचे? त्याला उत्तर असे, की बहुतेक वास्तूंना पैशाआधी वापर हवा असतो. बारव साफ केली तर ती पाणी देते. धर्मशाळेचे छप्पर नीट केले तर तिथे अंगणवाडी भरते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी तरुण पोरांनी बारवांतला गाळ उपसला आणि महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावले. त्यांना कुणी अनुदान दिले म्हणून त्यांनी ते केले नाही. इंग्लंडमध्ये निकामी झालेल्या टेलिफोनच्या तांबड्या खोल्या पॅरिशींनी एकेका पौंडाला घेतल्या आणि त्यांत गावची पुस्तके ठेवली. वस्तूला काम दिले की ती जगते, हा नियम माणसालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप असा, की इंग्लंडातले तरी सगळे आलबेल आहे काय? नाही, मुळीच नाही. यादीत नाव आलेल्या घराच्या धन्याला बहुधा सरकारकडून कवडी मिळत नाही. दुरुस्तीवर शेकडा वीस कर मात्र भरावा लागतो, आणि नवे घर बांधणाराला तो माफ असतो. देखण्या खेड्यांतली घरे शहरातल्या पैसेवाल्यांनी सुट्टीसाठी घेतली, आणि तिथे जन्मलेल्या पोरांना त्या गावात घर परवडेना. घर राखले आणि गाव गमावले, असा तो सौदा. म्हणून मी म्हणतो, त्यांचा कायदा उचलू नका, त्यांच्या नजरेतला पालट तेवढा उचला. आणि देखभालीची युक्ती काशीच्या महाराजांकडून घ्या.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो माझ्याच वर्गातल्या एका मुलाने घेतला. मी बारवेविषयी मोठ्या प्रेमाने बोलत होतो. तो उठून म्हणाला, “गुरुजी, ती विहीर तुमची. आमच्या आज्याला तिच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. ती बुजली तर आमचं काय गेलं?” वर्ग गप्प झाला. या प्रश्नाला बगल देऊन वारशाच्या गप्पा मारणारा माणूस लबाड समजावा. आपल्या वाड्यांना चौक होते तसे मागचे दार होते. विहिरीला पायऱ्या होत्या, तशी पायऱ्यांवर बंदीही होती. हे सारे सोन्याचे होते असे सांगत वारसा राखायचा असेल, तर तो न राखलेला बरा.

मी त्या मुलाला महाडचे तळे सांगितले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी सर्वांचे आहे, हे कोर्टाने कायम करायला पुढे १९३७ साल उजाडले. आता कुणी म्हणेल, की या तळ्यावर माणसाचा अपमान झाला, सबब ते बुजवून टाका, तर कुणाची सोय होईल? ज्यांनी अपमान केला त्यांची. पुरावा नाहीसा झाला की गुन्हा नाकारायला माणूस मोकळा. मी त्याला म्हणालो, “बाळा, तुझ्या आजोबांना ज्या पायरीवर चढू दिले नाही, ती पायरी राहिलीच पाहिजे, आणि ती कशासाठी राखली आहे ते तिथे लिहिले पाहिजे. ते लिहिण्याचा पहिला हक्क तुझा.” त्याचे समाधान झाले की नाही, हे मी सांगू शकत नाही, तो खाली बसला एवढे खरे. इंग्लंडमध्येही २०२० साली नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या त्र्याण्णव वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध उघड करून छापला. पुष्कळांना ते झोंबले. झोंबणारच. वारशात केवळ वाडवडिलांची कीर्तीच येते असे नाही, त्यांचे कर्जही येते. आणि वारस म्हणवून घेणाराने दोन्ही नावावर करून घ्यायची असतात.

मग करायचे काय? माझी मागणी लहान आहे. राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने अकरावे परिशिष्ट जोडले, त्यात पंचायतींकडे सोपवता येण्याजोगे एकोणतीस विषय दिले आहेत. शेवटचा विषय सामूहिक मालमत्तेची देखभाल हा आहे. त्याच्या आधारे प्रत्येक ग्रामसभेने एक वही घालावी. गावात पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीचे जे जे बांधलेले उभे आहे, त्याची तिच्यात नोंद करावी. वस्तू कोणती, कुणी बांधली म्हणतात, काय कामाची होती, आज काय कामाची आहे, आणि कुणाला तिच्यापासून दूर ठेवले होते. शेवटचा रकाना कुणी गाळू नये. नोंदी शाळेतल्या मुलांनी घ्याव्यात, म्हाताऱ्यांनी सांगाव्यात. सगळ्या वाड्यावस्त्यांतली मुले त्या कामात असावीत, म्हणजे एका आळीची आठवण गावाची आठवण म्हणून खपायची नाही. वहीत आलेली वस्तू ग्रामसभेपुढे चर्चा झाल्याखेरीज पाडायची नाही, एवढा एकच नियम शासनाने कायद्यात घालावा. तो मोडणाराला जबर दंड नको, पण त्याने भर सभेत उभे राहून कारण सांगावे. गावात याहून मोठी शिक्षा नाही.

आणि प्रत्येक नोंदीपुढे ईश्री बागेची आठवण ठेवून एक प्रश्न लिहावा, की हिच्या पोटाची सोय काय? कुठे गावठाणातल्या दोन गुंठ्यांचे उत्पन्न लावून देता येईल, कुठे बाजाराच्या दिवसाची थोडी पट्टी, कुठे चार आंब्यांची झाडे. जुनी इनामे काही खालसा झाली, काही भलत्याच्या घशात गेली. त्यांबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण त्यांनी जे काम केले, ते दुसऱ्या कुणी तरी करायला हवे होते आणि ते कुणीच केले नाही. राजा गेला आणि त्याच्या जागी गाव आले, असे आपण म्हणतो. मग राजाची जबाबदारीही गावाने उचलावी.

एका हिंदी राजाने परक्या खेड्यातल्या तहानेल्या पोराची गोष्ट मनात धरली आणि हजारो कोसांवर विहीर खणली. त्या खेड्याने तिचे काम संपल्यावरही तिला टाकले नाही. आपल्या विहिरी खणायला कुणी समुद्रापलीकडून यायला नको, त्या खणलेल्याच आहेत. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि घरकुल यांचे विषय आटोपले, की कुणी तरी उठून एवढेच विचारावे, की आपल्या गावात जुने काय काय उभे आहे? पहिले नाव सांगणारा भेटला की वही उघडावी.